कंपनी द्यायला माणूस हवा

मी कंपनी बोलतेय.

दचकू नका. हा नोकरीचा कॉल नाही, आणि कर्ज घ्या म्हणून भर दुपारी फोन करणारी बाईही मी नाही. मी एक साधा शब्द आहे. इंग्रजीतून आलेला, पण आता तुमच्या घरातलाच. "बाबा कंपनीत गेलेत", "फ्रीज कुठल्या कंपनीचा घेतला?", "बस ना जरा, कंपनी दे", असं म्हणत तुम्ही दिवसभर मला कामाला लावता. माझी काही तक्रार नाही. शब्दाला स्वतःचं घर नसतं. जिथे कुणी त्याला तोंडातून काढतं तिथे तो असतो. त्यामुळे माझ्या वाट्याला पुष्कळ घरं आली. त्यातल्या मुलुंडच्या दोन घरांची गोष्ट मला सांगायची आहे. त्याआधी थोडं माझ्याविषयी.

लॅटिन नावाची एक जुनी भाषा होती. तिच्यात 'कोम' म्हणजे सोबत आणि 'पानिस' म्हणजे पाव, भाकरी. या दोघांच्या जोडीतून मी झाले. ज्याच्यासोबत बसून आपण भाकरी मोडून खातो तो आपला माणूस, हा माझा पहिला अर्थ. लांबच्या मोहिमेवर निघालेले शिपाई असे एकत्र बसून जेवत आणि एकमेकांना या नावाने ओळखत, असं जाणकार सांगतात. मी तेव्हा फार लहान होते, मला आठवत नाही.

पुढे मी फ्रेंचांच्या तोंडी वाढले आणि समुद्र ओलांडून इंग्रजांकडे गेले. तिथे माझा पसारा वाढला. सैन्याच्या तुकडीला माझं नाव मिळालं. संध्याकाळी गप्पा मारायला जमणाऱ्या पाहुण्यांना मिळालं. मग एकत्र धंदा करणारे व्यापारी आले आणि त्यांनी तर मला आपल्या पाटीवरच चढवलं. भाकरीचा विषय तिथे मागे पडला.

हिंदुस्थानात मी आले ती अशाच एका पाटीवरून. ज्यांनी मला आणलं ते तागडी घेऊन उतरले आणि तख्तावर जाऊन बसले. 'कंपनी सरकार' म्हटलं की लोक आवाज खाली करायचे. इथल्या माणसांशी माझी पहिली ओळख झाली ती अशी.

पण मराठीने माझ्यावर राग धरला नाही. तिने मला उचललं आणि थेट नाटकवाल्यांच्या बिऱ्हाडात नेऊन ठेवलं. नाटक कंपनी! गावोगाव फिरणारी, एका पंगतीला बसणारी, एकाच आचाऱ्याच्या हातचं जेवणारी माणसं. किती वर्षांनी मला आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. आणि मुंबईत तर माझं रक्ताचं नातंच भेटलं. तुमचा पाव. पोर्तुगीजांच्या बोटीतून तो आला, पण आमचं मूळ एकच, तोच तो 'पानिस'. सकाळी बेकरीसमोर "चार पाव द्या" असं कुणी म्हणालं की मला माहेरचं कुणी भेटल्यासारखं होतं.

तर आता मुलुंड.

मार्तंड घाडी मूळचा मालवणकडचा. त्याचे वडील लालबागला गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मार्तंड नुकता कामाला लागायच्या वयाचा होता. त्यांच्या घरात 'गिरणी' हा शब्द मग हलक्या आवाजात बोलला जाऊ लागला, आणि माझा आवाज वाढला. "पोराला एखाद्या कंपनीत चिकटवा," असं जो तो सांगू लागला. आणि मार्तंड मुलुंडला एका कंपनीत चिकटला.

तिचं नाव जानकी रबर कंपनी. प्रेशर कुकरच्या झाकणात जी काळी रिंग असते ना, ती तिथे बनायची. मार्तंड मोल्डिंगच्या प्रेसवर होता. तापलेल्या साच्यात रबर घालायचं, दाबायचं, रिंग बाहेर काढायची, तिच्या कडेचं जास्तीचं रबर कापायचं. अंगाला रबराचा वास असा चिकटायचा की साबणाने जायचा नाही. तरी मार्तंड खूश होता. शकुच्या वडिलांनी त्याच्याबद्दल एकच प्रश्न विचारला होता, "मुलगो काय करता?" आणि "कंपनीत आसा" एवढ्या उत्तरावर त्यांनी मुलगी दिली होती. मी त्या बोलण्यात होते. कुणाचं लग्न जुळवण्याइतकी आपली पत आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

मालकाचं नाव चंद्रप्रकाश पाठारे. भाड्याच्या शेडमध्ये एका जुन्या प्रेसवर त्यांनी सुरुवात केली होती, तीही लग्न झालं त्याच वर्षी. म्हणून कंपनीला बायकोचं नाव दिलं, जानकी. पुढे ती जागाही विकत घेतली. माणूस मोजकं बोलणारा. पगार वेळेवर, दिवाळीला मिठाई, कुणाच्या घरी आजारपण असलं तर विचारपूस. दुपारी कामगार आवारातल्या बदामाच्या झाडाखाली डबे उघडून बसायचे आणि साहेब वरच्या मजल्यावर आपल्या केबिनमध्ये, जानकीबाईंनी पाठवलेला डबा उघडून. यात कुणालाच काही खटकत नव्हतं. तशी रीतच होती.

मग एलबीएस रोडवरचे कारखाने एकेक करून गेले. कुणी वसईला, कुणी गुजरातेत, कुणी कुठेच नाही. जमिनीला सोन्याचं मोल आलं आणि रबराच्या रिंगा विकून त्याच्याशी बरोबरी होणं शक्य नव्हतं. पाठारेसाहेबांनी कंपनी बंद करायचं ठरवलं. सगळ्यांचं देणंघेणं त्यांनी नीट मिटवलं, त्याबद्दल आजही कुणी ब्र काढत नाही.

शेवटच्या दिवशी कामगारांनी घरून जेवण आणलं. कुणी वडे-सागोती, कुणी पुलाव, पॅकिंगमधल्या दर्शनाताईंनी मोठं पातेलं भरून शेवयांची खीर. झाडाखाली ताडपत्री अंथरली. सगळे एकमेकांना आग्रह करत होते, मोठमोठ्याने हसत होते, आणि मधूनच कुणीतरी वर केबिनच्या खिडकीकडे बघत होतं. साहेब खाली उतरले नाहीत. संध्याकाळी त्यांची गाडी मागच्या गेटने निघून गेली.

ते मार्तंडच्या मनाला लागलं. एवढी वर्षं एका छपराखाली काढली आणि माणूस निरोपाला दोन शब्द बोलायलाही आला नाही! पुढे त्याने कुरियरच्या ऑफिसात काम केलं, एका शाळेच्या बसवर केलं, कुठेही तक्रार केली नाही. पण एलबीएस रोडला त्या जागेवरून जायची वेळ आली की तो रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथने जायचा. कंपनी पाडली गेली. तिथे 'नक्षत्र' नावाचा टॉवर उभा राहिला. मार्तंडने मान वर करून त्याचे मजलेही कधी बघितले नाहीत.

वर्षं गेली. मार्तंड कामातून मोकळा झाला. मुलगी जान्हवी ऐरोलीला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. घरात मार्तंड टीव्हीसमोर बसायचा आणि शकु त्याच्याभोवती केर काढायची. अशाच एका रविवारी जान्हवी फोन बघता बघता म्हणाली, "बाबा, इथे मुलुंडच्या ग्रुपवर एक मेसेज आलाय. 'सासऱ्यांना दुपारी कंपनी द्यायला मराठी बोलणारा माणूस हवा.' तुम्ही जाता का?"

"कुठली कंपनी?" मार्तंड सावरून बसला.

"अहो कंपनी नाही, कंपनी द्यायची."

"कंपनी कोण कोणाला देतो गं? मालक पोराला देतो फार तर."

"अहो बाबा, सोबत! त्यांच्याजवळ बसायचं, गप्पा मारायच्या. सून कॉलेजात शिकवते, मुलगा पण दिवसभर बाहेर असतो. आजोबा एकटे असतात आणि जेवतच नाहीत, असं लिहिलंय."

"बसायचं? नुसतं?" मार्तंडला हसू आलं. "झकास आहे. आयुष्यभर उभं राहून कंपनीत काम केलं, आता बसून कंपनी द्यायची."

"पण जागा... नक्षत्र टॉवर आहे हं," जान्हवी जरा दबकत म्हणाली.

मार्तंडचं हसू गेलं. "मग नको."

तेव्हा शकु हातातला झाडू टेकवून उभी राहिली. "टॉवरान काय केल्यान तुमचा? घरात बसान तरी काय करतलास? तो म्हातारो थंय उपाशी आसा आणि तुमी हंय रुसान बसलास."

शकुपुढे मार्तंडचं कधी चाललं नाही. दुसऱ्या दिवशी तो निघाला.

टॉवरच्या आवारात शिरताना त्याने सवयीने उजवीकडे बघितलं. बदामाच्या झाडाच्या जागी गाड्या तळघरात उतरायचा उतार होता. लिफ्टने वर गेला. दार सुनेने उघडलं. गार्गी तिचं नाव, चाळिशीची, खांद्याला पर्स अडकवून निघायच्या तयारीत. ती घाटकोपरच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होती.

"या काका. बरं झालं आलात. सासूबाई गेल्यापासून बाबांनी जेवणच टाकलंय. पानावर बसतात, दोन घास चिवडतात आणि उठतात. डॉक्टर म्हणाले, टॉनिक देऊन उपयोग नाही, यांना कंपनी हवीय."

"ते ठीक आहे ताई, पण मी करायचं काय नक्की?"

गार्गी हसली. "सोबत जेवायचं. त्या शब्दाचा मूळ अर्थच तो आहे. ज्याच्याबरोबर आपण भाकरी खातो तो. मी मुलांना वर्गात शिकवते आणि माझ्याच घरी..." ती थांबली. "मला दुपारचं घरी येता येत नाही हो."

"मग सरळ लिहायचं ना, जेवायला माणूस पाहिजे म्हणून," मार्तंड म्हणाला.

मी तिथेच होते. माझं बालपण एका बाईने दारात उभ्या उभ्या एवढ्या साध्या शब्दांत सांगितलं, आणि ऐकणाऱ्याला ते लगेच पटलंही. गार्गीचे आभार कसे मानावेत ते मला कळेना.

ती निघून गेली. मार्तंड आत गेला, आणि खिडकीशी खुर्चीत बसलेला माणूस बघून जागच्या जागी थबकला. पाठारेसाहेब. केस पार पांढरे, खांदे उतरलेले, पण नाक तेच आणि हात मांडीवर ठेवायची लकबही तीच. जमिनीच्या बदल्यात त्यांना या टॉवरमध्ये घर मिळालं होतं. मार्तंडला हे ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर त्याने शकुचंही ऐकलं नसतं.

साहेबांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. "बसा," एवढंच म्हणाले. ओळख दाखवली नाही.

मार्तंड बसला. टेबलावर झाकून ठेवलेलं जेवण होतं. कुणी झाकण काढलं नाही. भिंतीवरचं घड्याळ चालत राहिलं. मार्तंडच्या मनात एकच घोळत होतं, बघा, ओळखसुद्धा ठेवली नाही. वेळ झाली तसा तो उठला आणि "येतो" म्हणून बाहेर पडला.

घरी येऊन चप्पल भिरकावली. "मी उद्या जाणार नाही. माहितीय कोण आहे तो? पाठारेसाहेब!"

शकुने चपला सरळ करून ठेवल्या. मग तिने विचारलं, "जेवलो तो?"

"नाही."

"आणि तुमी?"

"मी कशाला जेवू त्याच्याकडे?"

"मगे काम खंय झाला?" शकु म्हणाली. "जेवक बोलवलेल्यांनी तुमका. दोघां पण उपाशी बसलास. हेका काय कंपनी म्हणतत?"

या बाईने कधी कुठला शब्दकोश उघडला नव्हता, पण माझा अर्थ तिला पाठ होता. तिचं बोलणं ऐकून मार्तंड काहीतरी पुटपुटला आणि टीव्ही लावून बसला. तो बघत मात्र नव्हता.

दुसऱ्या दिवशी शकुने त्याच्या हातात डबा दिला. तांदळाच्या भाकऱ्या आणि बांगड्याचं तिखलं. "तुमचा तुमी जेवा. तेंचा ते बघतले."

मार्तंड गेला, टेबलाशी बसला आणि साहेबांकडे न बघता डबा उघडला. तिरफळाचा वास खोलीभर पसरला. त्याने भाकरी मोडली आणि खायला लागला. थोड्या वेळाने खिडकीजवळची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पाठारेसाहेब काठी टेकत आले आणि समोर बसले.

"बांगडा?"

"हो."

"भाकरी तांदळाची?"

"हो."

"झाडाखालून वर यायचा हा वास. बुधवारी. तू बुधवारी आणायचास, घाडी."

मार्तंडचा घास हातातच राहिला. "साहेब, तुम्ही मला ओळखलंत?"

"काल दारातच ओळखलं. म्हटलं, बोललो आणि तू उलटपावली गेलास तर? म्हणून गप्प बसलो."

मार्तंडने डबा त्यांच्याकडे सरकवला. साहेबांनी भाकरीचा तुकडा मोडला, तिखल्यात बुडवला, तोंडात टाकला. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं, तरी दुसरा घास घेतला. जेवून झाल्यावर त्यांनी बोटं चाटली, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. शब्दांना डोळे नसतात म्हणा, पण बघितलं.

त्यानंतर मार्तंड रोज जाऊ लागला. कधी शकुचा डबा, कधी गार्गीच्या घरचं जेवण, दोन्ही टेबलावर मधोमध ठेवलं जायचं. साहेब जेवू लागले. बोलूही लागले. जुन्या प्रेसबद्दल, कच्च्या मालाच्या टंचाईबद्दल, जानकीबाईंच्या हातच्या कोळंबीच्या आतवल नावाच्या कालवणाबद्दल. फोरमन शिर्के घोरायचा त्याची नक्कलसुद्धा त्यांनी एकदा करून दाखवली. मार्तंड हसला. पण एक प्रश्न रोज विचारायचा राहून जायचा.

एके दिवशी तो प्रश्न तोंडातून बाहेर पडलाच. जेवणं झाली होती, साहेब सुपारी कातरत होते.

"साहेब, एक विचारू? शेवटच्या दिवशी तुम्ही खाली का नाही उतरलात?"

अडकित्ता थांबला. साहेबांनी सुपारी बाजूला ठेवली. मार्तंडला वाटलं, चुकलं आपलं, कशाला उकरून काढलं.

"मी वर डबा घेऊन बसलो होतो," साहेब शेवटी म्हणाले. "उघडला नव्हता. खालून तुम्हा सगळ्यांच्या हसण्याचा आवाज येत होता, वास येत होते. जानकीने त्या दिवशी मुद्दाम जास्त दिलं होतं, सगळ्यांना पुरेल असं. मी वाट बघत होतो."

"कशाची?"

"कुणीतरी वर येईल आणि म्हणेल, साहेब, चला. आता मी मालक राहिलो नव्हतो ना. न बोलावता जाऊन बसलो असतो तर तुमचं हसणं थांबलं असतं. म्हणून बसून राहिलो."

 मार्तंडच्या डोळ्यांसमोर ती ताडपत्री आली. तिच्यावर वाढून ठेवलेलं एक पान आलं. वरच्या बाजूला, झाडाच्या बुंध्याशी. शिर्केने स्वतः मांडलं होतं ते.

"साहेब," तो म्हणाला, "आम्ही तुमचं पान वाढून ठेवलं होतं. शिर्के म्हणाला, साहेबांना बोलवायला गेलो तर त्यांना वाईट वाटेल, आपण हट्ट करतोय असं वाटेल. त्यांना यायचं असेल तर येतील. आम्ही सगळे खिडकीकडे बघत होतो."

 साहेबांनी अडकित्ता खाली ठेवला आणि टेबलावरून हात पुढे केला. मार्तंडने तो धरला. रबराच्या कामाने राठ झालेला एक हात आणि सही करून करून वाकडा झालेला एक. किती वर्षं ही दोन माणसं एकमेकांवर रुसून बसली होती, आणि दोघांनाही फक्त एका हाकेची वाट होती!

"ते पान कुणी खाल्लं रे?" साहेबांनी विचारलं.

"कुणीच नाही. दर्शनाताईंनी डब्यात भरून घरी नेलं."

साहेब हसले आणि रडले, दोन्ही एकदम. मार्तंडचंही तेच झालं. संध्याकाळी गार्गी आली तेव्हा दोघे तसेच बसले होते, न उचललेल्या ताटांपुढे. तिने चहा ठेवला.

त्या दिवशी घरी गेल्या गेल्या मार्तंडने फोन हातात घेतला. शिर्के दिव्याला राहत होता, दर्शनाताई भांडुपला, कुणी डोंबिवली, कुणी नालासोपारा. काही नंबर लागलेच नाहीत. काही फोन मुलांनी उचलले आणि बाबा गेल्याचं सांगितलं. मार्तंड घरच्यांची विचारपूस करायचा आणि पुढचा नंबर लावायचा. सगळ्यांना तो एकच वाक्य सांगत होता, "साहेबांनी जेवायला बोलावलंय." आणि साहेबांना सांगितलं, "सगळ्यांनी तुम्हाला जेवायला बोलावलंय. फक्त जागा तुमच्या घरची."

शनिवार ठरला. शकुने वड्यांचं पीठ आदल्या दिवशीच मळून ठेवलं. जान्हवीने सुट्टी घेतली. गार्गीने हॉलमधला सोफा भिंतीला लावून जमिनीवर चटया अंथरल्या.

दुपारी नक्षत्रच्या गेटवर म्हातारी माणसं जमा होऊ लागली. कुणाच्या हातात पातेलं, कुणाच्या पिशवीत स्टीलचे डबे. गेटवर किरण नावाची सिक्युरिटीची मुलगी होती. नवी, कामाला चोख. आत जाणाऱ्या प्रत्येकाची नोंद तिला मोबाईलमधल्या ॲपवर करावी लागे, आणि एवढे लोक, एवढी पातेली बघून तिला वाटलं, हे केटरिंगवाले.

"काका, कुठल्या कंपनीचे तुम्ही?" तिने विचारलं.

शिर्केने छाती पुढे काढली. "जानकी रबर कंपनी."

"सगळे?"

"सगळे," मागून दर्शनाताई म्हणाल्या. "मी पॅकिंगला."

किरणने फोनवर बोट फिरवलं. जेवण पोचवणाऱ्या कंपन्या होत्या, सामान आणणाऱ्या होत्या, पाण्याच्या, गॅसच्या, इंटरनेटच्या. "काका, लिस्टमध्ये नाही दाखवत हे नाव. कंपनी कुठे आहे तुमची?"

"इथेच," मार्तंड म्हणाला. "तू उभी आहेस ना, तिथे आमचं गेट होतं."

किरणला काही कळेना. ती वर फोन लावणार तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. पाठारेसाहेब बाहेर आले. इस्त्रीचा सदरा, हातात काठी, मागे त्यांना सावरायला धावत आलेली गार्गी. "बाबा, ते येतायत ना वर, तुम्ही कशाला..." पण साहेब थांबले नाहीत. गेटपर्यंत आले. एकेका चेहऱ्याकडे निरखून बघत राहिले.

"शिर्के. दर्शना. तू... तू कटिंगवाला, नाव सांगू नकोस, आठवतंय मला." मग ते किरणकडे वळले. "लिस्टमध्ये नसेल तर टाईप कर बेटा. जानकी. रबर. कंपनी."

किरणने टाईप केलं. बायकोचं नाव फोनवर उमटताना साहेब वाकून बघत होते. "ज ला काना दे," ते म्हणाले, आणि तिने दिला.

त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगायला माझ्याकडे शब्द नाही, आणि हे एका शब्दाने कबूल करणं जरा विचित्रच आहे.

यालाही आता बरेच महिने झाले. मार्तंड अजून रोज दुपारी जातो आणि रस्त्याच्या याच बाजूने जातो. साहेबांचं वजन वाढलंय, गार्गी लटक्या रागाने शकुला दोष देते. महिन्यातून एकदा, शनिवारी, सगळे जमतात. मागच्या वेळी एक जण कमी होता. सगळे त्याचेच किस्से सांगत जेवले. किरण आता कुणाला काही विचारत नाही. एकदा टाईप केलेलं नाव तिच्या फोनमध्ये आपोआप वर येतं.

मी ऋणी आहे. मला जन्म देणाऱ्या भुकेल्या शिपायांची, मला माफ करणाऱ्या मराठीची, आणि विशेष करून शकु घाडीची. मला पाट्यांवर रंगवणारे पुष्कळ भेटले, आणि शेअर बाजारात माझा चढउतार रोज असतोच. ते सगळं चालू दे. तुमच्याकडे माझं मागणं एवढंच, की कुणी पलीकडच्या खोलीत गप्प बसलेलं दिसलं तर तो आपणहून उठून येईल म्हणून थांबू नका. "चल, कंपनी दे," एवढं म्हणा. मी लगेच हजर होते, मला यायला वेळ लागत नाही.

बरं, निघते आता. आज शनिवार आहे. शकुचे वडे फुगायला लागलेत, आणि वरून कुणीतरी गेटवर थांबलेल्या मार्तंडला ओरडून सांगतंय की पानं घेतलीत, सगळी कंपनी खोळंबलीय.